एका कोयत्यात किती माणसं

राग माझ्या नाकावर असतो, हे घरातलं कुणीही सांगेल. उन्हाळ्यात तर विचारूच नका. तो मे महिना होता आणि मी पुण्याहून आलेल्या नियोजनवाल्या सरांच्या शेजारी जीपमध्ये बसून पाटोद्याहून केजला परतत होते. मागं डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या, पण आमच्यापर्यंत वाऱ्याची एक झुळूक येत नव्हती. सरांच्या मांडीवर वही होती. जिल्ह्याचा नवा आराखडा करायचा होता. ऊस तोडायला आता यंत्रं येतायत, तोडणाऱ्यांचं काम जाणार. इकडं माळरानावर सौर प्रकल्प उभे राहणार. तर ज्यांचं काम जाणार, त्यांनाच नव्या कामात पहिली जागा द्यायची, असं त्या आराखड्याचं म्हणणं. बदल हरित हवा आणि न्याय्यही हवा. 'न्याय्य' हा शब्द सर फार जपून उच्चारायचे. मी समाजकार्य शिकलेली, सहा महिन्यांच्या करारावर लागलेली, आणि वर ऊसतोड्यांच्या घरातली. माझ्याइतकी योग्य बाई त्यांना अख्ख्या जिल्ह्यात सापडली नसती, असं निदान मला तरी वाटायचं.

"कोयता म्हणजे नेमकं काय हो?" सरांनी विचारलं. "सगळे सांगतात, आमच्या गावचे इतके कोयते, तितके कोयते."

सकाळपासून त्यांनी मला असे दहा शब्द विचारले होते. घामानं माझी पाठ सीटला चिकटली होती.

"ऊस तोडणारा, सर. लेबर," मी म्हटलं.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आता हे वाचणाऱ्याला म्हणून सांगते. कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. तो ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. एकटा किंवा एकटी असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला सांगावंसं सुचलं नाही ते त्याचमुळं. पुण्याच्या माणसानं स्वतःहून शोधलं असतं तर कदाचित त्याला बरोबर कळलं असतं. चूक झाली ती आमच्यातल्याच बाईकडून.

पुढचा महिना मी गावोगाव हिंडले. युसूफ वडगावच्या बाजूची सगळी गावं माझ्याकडं होती, त्यात आमचंही. पद्धत सोपी होती. पारावर बसायचं, मुकादमाला बोलवायचं. दरवर्षी टोळी बांधून कारखान्यावर नेणारा तोच, त्यामुळं त्याच्या डोक्यात सगळी नावं पाठ. तो एकेक कोयता सांगायचा आणि मी टॅबवर 'बाधित कामगाराचे नाव' या रकान्यात टाकायची. कोयता सांगताना नाव कुणाचं सांगतात? नवऱ्याचं. हेही इतकं अंगवळणी पडलेलं की माझं बोट कुठं अडखळलं नाही. वेळेआधी काम संपवलं म्हणून सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू.

आमच्या घरात तेव्हा चौघं होतो. माय, दादा, वहिनी आणि मी. दादा-वहिनीचा कोयता दरवर्षी कोल्हापूरकडं जायचा. गेल्या हंगामात वहिनी डोक्यावर मोळी घेऊन फळी चढत होती, तेव्हा पाय घसरून मोळीसकट खाली आली. मानेचा मणका दुखावला. परत आणल्यावर अंबाजोगाईच्या डॉक्टरनं फोटो काढून बघितला आणि सांगितलं, यापुढं डोक्यावर वजन घ्यायचं नाही. पुन्हा असं पडलात तर हात-पाय जातील. त्या उन्हाळ्यात ती घागरसुद्धा कमरेवर आणायची. आणि तरी मुकादम दसऱ्याच्या आधी टोळी बांधायला आला की काय करायचं, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

म्हणून त्या आराखड्यावर तिचा जीव लागला होता. गावाच्या वरच्या माळावर सौर प्रकल्प येणार होता. त्याच्या देखभालीचं प्रशिक्षण केजला, दिवाळीनंतर सहा महिने, आणि मग गावातच काम. पॅनेल पुसणं, तारा तपासणं, मीटर बघणं. ती दहावी पास होती आणि घरातला मिक्सर तिनंच दोनदा उघडून दुरुस्त केला होता. गावाला वीस जागा मिळणार होत्या, यादीतल्या कामगारांमधून.

"वन्स, तितं डोक्यावर काई घ्यावं लागत न्हाई ना?" तिनं मला एकदा विचारलं होतं.

"पेचकस घ्यावा लागतो. तोही हातात," मी म्हटलं. ती खूप हसली होती.

पोळा झाला आणि माझ्या नोंदींतून निवडलेल्या वीस जणांची यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली. वहिनी दुपारी बघायला गेली. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. अर्ध्या तासानं ती आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"वन्स, माजं नाव न्हाई."

"असंल. नीट बघा की. अक्षरं बारीक हायती," मी डाफरले.

"तीनदा बघितलं. तुमच्या दादाचं हाय. माजं न्हाई. कुन्या बाईचंच न्हाई."

मी चप्पल न घालताच गेले. भिंतीपुढं उभी राहून वरून खालपर्यंत यादी वाचली, मग खालून वर. सगळे पुरुष. गावातली एक बाई नवरा वारल्यावर दिराबरोबर तोडीला जायची, तिच्याही नावाच्या जागी दिराचंच नाव होतं. तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर आराखड्याचा मसुदा उघडला. शेवटच्या पानावर शब्दार्थ दिले होते. 'कोयता: एक ऊसतोड कामगार.' जीपमधलं माझं उत्तर जरा इस्त्री करून छापलं होतं. म्हणजे प्रश्न आमच्या गावापुरता नव्हता. जिथं जिथं कोयते मोजले, तिथं तिथं अर्धी माणसं गायब झाली होती, आणि ती सगळी बाया होती.

मी सरांना फोन लावला. कोयत्याचा खरा अर्थ सांगितला.

"पण शब्दाचा अर्थ तुम्हीच सांगितला होता," ते म्हणाले.

"हो सर."

"उद्या केजला शेवटची सुनावणी आहे. हरकत तिथं उभं राहून मांडावी लागेल. पण एक लक्षात घ्या, जागा वाढणार नाहीत. आणि घरटी एकच, हा नियम आहे. नवी नावं आली तर जुनी बाहेर जातील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा करार वाढवायचं चाललंय. विचार करून बोला."

माणूस वाईट नव्हता. पण त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला, कारण खरा राग जिच्यावर यायला हवा होता ती मी होते.

संध्याकाळी जेवताना मी घरात सांगितलं. दादा त्या आठवड्यात खुशीत होता. यादीत नाव बघून त्यानं मुकादमाला यंदा येत नाही म्हणून सांगूनही टाकलं होतं. प्रशिक्षणाच्या भत्त्यात घर भागणार नव्हतं, म्हणून वहिनीनं तिच्या माहेरच्या टोळीत जायचं ठरत होतं. तिथला मुकादम तिचा चुलता, तो अर्धा कोयता चालवून घेणार होता. ठरत होतं म्हणजे काय, तसं कुणी म्हणालं नव्हतं. पण चुलत्याचा फोन दोनदा येऊन गेला होता.

"म्हंजी उद्या तू उटून सांगणार की यादी चुकली," दादा म्हणाला.

"हो."

"आन माजं नाव जाईल."

"जाईलच असं नाही. घरातून एक राहील."

त्यानं ताट सरकवलं. वहिनी भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. माय म्हणाली, "जेवून घ्या आदी," आणि कुणीच जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी केजला जाणारी जीप गावच्या माणसांनी गच्च भरली होती. बातमी पोचली होती. माझ्याशी कुणी बोललं नाही. वहिनी पदर तोंडावर घट्ट धरून माझ्या शेजारी बसली होती. दादा मागच्या फळीवर लटकून आला.

सुनावणी एका मंगल कार्यालयात होती. समोर अधिकारी, बाजूला सर, खाली शंभरेक खुर्च्या. मुकादमांनाही बोलावलं होतं, कारण टोळ्या गेल्या की त्यांचंही काम जाणार. ते पहिल्या रांगेत पांढरेशुभ्र कपडे घालून बसले होते. माझा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले.

"यादी चुकली आहे," मी म्हटलं. "ती मीच केली. एक कोयता म्हणजे दोन माणसं, मी एकच लिहिलं. बायांची नावं राहिली. त्यांचंही काम जाणार आहे."

एकदम गलका झाला. "ताई, तुमीच लिवलं आन आता तुमीच खोडता व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "बाया नवऱ्यासंगं जात्यात. नवऱ्याला काम लागलं की बाई घरी ऱ्हाईल. कावून नाव पायजे तिला?" आमच्या गल्लीतला एकजण उठून थेट सरांना म्हणाला, "सायेब, हिच्या भावजयीसाटी चाललंय समदं." हे शेवटचं मला वर्मी लागलं, कारण ते निम्मं खरं होतं. माझी भावजय नसती तर मी भिंतीवरची यादी वाचायला गेले असते का? मला अजून सांगता येत नाही.

अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटला. "शब्दाचा अर्थ मसुद्यात दिलेला आहे. तो आता एका बाईच्या सांगण्यावरून बदलायचा? दुसरं कुणी आहे सांगणारं?"

माझ्या गावची माणसं, जी जन्मभर कोयता म्हणून जगली, ती जमिनीकडं बघत होती. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. वहिनी उभी राहिली होती. चारचौघांत ती कधी मोठ्यानं बोललेली मी पाहिली नव्हती. ती अधिकाऱ्यांशी बोललीच नाही. ती आमच्या मुकादमाकडं वळली. मानेनं वळता येत नव्हतं, म्हणून अख्खी वळली.

"मुकादम, एका कोयत्यात किती मानसं?"

मुकादमाच्या चेहऱ्यावर वैतागच दिसला. हा काय प्रश्न झाला, असा.

"दोन," तो म्हणाला.

"आन एक आलं तर तुमी काय म्हनता?"

"अर्धा कोयता म्हनतो. लई उलटं इचारतीस बाई तू. धंदा हाय आमचा, तेवडं बी कळत न्हाई व्हय आमाला?"

"झालं तर," असं म्हणून ती खाली बसली. मी तिचा हात धरला.

मुकादमाला ती काय वदवून घेतेय हे कळलं असतं तर तो तसं बोलला असता की नाही, कोण जाणे. पण धंद्यातला शब्द विचारल्यावर चुकीचं सांगणं त्याला जमलं नसतं. बाकीच्या मुकादमांनीही माना डोलावल्या. अधिकाऱ्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी मसुद्याचं शेवटचं पान उघडून पेनानं ती ओळ खोडली. निर्णय झाला: बायांची नावं यादीत येतील, पण जागा तितक्याच. घरटी एक. कुणाचं नाव द्यायचं ते ज्याच्या त्याच्या घरानं ठरवायचं आणि दोन दिवसांत पंचायतीत सही करून द्यायचं.

मला वाटलं होतं की न्याय झाला. पण 'घरानं ठरवायचं' म्हणजे काय, हे घरात राहणाऱ्या बाईला मी सांगायला नको. त्या दोन दिवसांत गल्लीत पाणी भरायला गेले की भांडी जरा जास्तच आपटल्याचे आवाज यायचे. शेजारची एकजण मला म्हणाली, "तुज्या कागदापायी आमच्या घरात चूल पेटली न्हाई काल." पंचायतीत एकामागून एक पुरुष येत होते आणि आपलंच नाव पक्कं करून जात होते. बायका बरोबर येऊन शेजारी अंगठा उठवत होत्या. मी दारात उभी राहून बघत होते.

आमच्या घरात दादा बोलतच नव्हता. दोन्ही दिवस तो बैल घेऊन सकाळी जायचा आणि अंधार पडायच्या बेताला परत यायचा. वहिनीनं त्याला काही विचारलं नाही. मी विचारणार होते, पण मायनं मला डोळ्यांनी गप्प केलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता पंचायत बंद होणार होती. चार वाजले, सव्वाचार झाले. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलत होते. इतकी वर्षं तिनं तुझ्या तोडलेल्या उसाच्या मोळ्या वाहिल्या आणि तुला सही करायला जमत नाही? साडेचारला तो आला. बैल बांधले, पाय धुतले, सावकाश.

"चल," तो वहिनीला म्हणाला. "आधार कार्ड घे."

दोघं पुढंमागं चालत गेले. मी चुलीपुढं बसून रडले. दादाचा मला इतका अभिमान आयुष्यात वाटला नव्हता. वीस जागांपैकी तीन बायांच्या नावावर गेल्या, त्यातली एक आमची.

आता दादाला तोडीला जाणं भाग होतं. तो पुन्हा मुकादमाकडं गेला. मुकादम म्हणाला, टोळी भरत आलीय, अर्धा कोयता मी घेत नाही. जोडी असेल तर ये. दादा दोन-तीन दिवस गावात चौकशी करत हिंडला. कुणी मोकळं नव्हतं, आणि वहिनीच्या चुलत्याची टोळीही तोवर भरली होती. वहिनी एका सकाळी म्हणाली, "मीच येते. मान बरी हाय आता." ती बरी नव्हती, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही.

"मी जाते दादाबरोबर," मी म्हटलं.

मायला हसू आलं. "तुला मोळी बांदता येती का गं? तुजं बांदलेलं फळीवर जायच्या आदीच सुटंल." मग ती उठली, माळ्यावरून आपली जुनी पत्र्याची पेटी काढली आणि ओल्या फडक्यानं पुसायला लागली. "मी हाय की. काय मेले न्हाई अजून."

मायनं सहा वर्षांपूर्वी तोड सोडली होती. गुडघ्यांमुळं. आम्ही तिघांनी तिला नाही म्हटलं, भांडलो, वहिनीनं तर तिचे पाय धरले. ती म्हणाली, "तू शीक. तेवडंच कर." दिवाळी झाल्यावर टोळी निघाली आणि ती ट्रॉलीत दादाशेजारी बसून गेली. वहिनी दुसऱ्या सोमवारी डबा घेऊन केजच्या जीपमध्ये बसली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मीही तिच्याकडं बघू शकले नाही.

माझा करार दोन महिन्यांनी वाढला. सरांनी वाढवला, हे मला माहीत होतं. काम होतं पुढच्या पाहणीचं: जागा मिळालेल्या घरांतून यंदा किती माणसं ऊसतोडीला गेली. फॉर्म आता नवा होता. कोयता हा शब्दच त्यातून काढून टाकला होता. एका माणसाला एक ओळ, नाव, स्त्री की पुरुष, वय. मी आमच्या घराच्या ओळी भरायला बसले. गेल्या वर्षी दोन गेले होते. यंदाही दोन. दादाचं नाव भरलं, वय भरलं. मग मायचं नाव लिहिलं आणि वयाशी थांबले. आधार कार्ड तिनं बरोबर नेलं होतं. साठी कधीच ओलांडली, एवढं ठाऊक होतं. शेवटी तिला फोन लावला.

दुपारची वेळ होती, ती फडात होती. मागं ऊस तोडल्याचा खटखट आवाज येत होता आणि ती धापा टाकत होती.

"सुनबाई शिकाया जाती ना रोज?" तिनं आधी तेच विचारलं.

"जाते. माय, तुझं वय काय लिहू?"

"कशाला?"

"यादीत लागतं."

मोळी खाली टाकल्याचा धप्प आवाज आला.

"पन्नास लिव," ती म्हणाली. "जास्ती लिवलं आन मुकादमाला कळलं, तर पुडच्या साली घ्यायचा न्हाई मला."

मी पन्नास लिहिलं.